चंदेरी शिक्क्याचं कासव

१ जुलै, सकाळी

आजपासून रोजनिशी. शिस्त लागावी म्हणून. दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

मुलगी सत्तावीस तारखेला शिकायला जाते आहे. दूरचं शहर, हॉस्टेल. त्याआधी तिच्या हातात आमचा चित्रांच्या कार्डांचा अल्बम पूर्ण भरून ठेवायचा. संकल्प एकच, पण ठाम.

अल्बममध्ये फक्त एक खिसा रिकामा आहे. शेवटच्या पानावर, वादळी कासवांच्या रांगेत. वादळी कासव हे कार्ड चार तऱ्हांनी छापलं गेलं. एक साधं, पाकिटात मिळणारं. एक सोनेरी शिक्क्याचं, टूथपेस्टच्या खोक्यातून जाहिरातीसाठी आलेलं. एक चकाकणारं, सिनेमाच्या तिकिटाबरोबर फुकट वाटलेलं. आणि चौथं चंदेरी शिक्क्याचं. ते कार्ड कंपनीने आपल्या पहिल्या दुकानाच्या उद्घाटनाला आलेल्या लोकांना दिलं, पुन्हा कधी छापलं नाही. पहिली तीन आपल्याकडे आहेत.

चित्र चारही कार्डांवर तेच आहे. ही म्हणते, एकाच कासवाचे चार फोटो कशाला लागतात. ही बँकेत आहे. तिथे दिवसभर एकसारख्या नोटा हाताळते तेव्हा काही वाटत नाही.

मुलगी सात वर्षांची असताना आम्ही दोघांनी मिळून सुरुवात केली. जेवण झालं की सोफ्यावर शेजारी शेजारी बसायचं. ती पाकीट फोडायची, मी कार्ड खिशात सरकवायचो. गेली काही वर्षं ती बसत नाही. अभ्यासामुळे. आवड आत आहेच. बापाला कळतं.

३ जुलै

दाढीवाल्याला मेसेज टाकला. हा आमच्या कार्डवाल्यांच्या ग्रुपचा मुख्य. त्याच्याकडे चंदेरी कासवं दोन आहेत असं सगळेच बोलतात. माणसाला दोन कासवं कशाला लागतात? हाव.

सहज विचारल्यासारखं विचारलं. घाई दाखवली की समोरचा डोक्यावर बसतो. मग उत्तर आलं नाही म्हणून आणखी एकदा सहज विचारलं. मग एक हसरा चेहरा पाठवला. मग फोन केला.

शनिवारी मुलीसाठी बॅग घ्यायला तिघांनी जायचं ठरलं आहे. बॅगेची चाकं मीच बघणार. बायकांना चाकांतलं कळत नाही.

६ जुलै, शनिवार

बॅगेला जाऊ शकलो नाही. दाढीवाल्याने नेमकं आजच अदलाबदलीला बोलावलं होतं. एका शाळेचा हॉल. मोठमोठे बाप्ये लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेचे भाव. मला मात्र कसलंही टेन्शन नव्हतं. फक्त पाणी तीनदा प्यालो.

दाढीवाला आलाच नाही. त्याच्या घरी पाहुणे.

घरी आलो तर बॅग आलेली. लाल. चाकं ठीक आहेत. एक जरा करकरतं. मी नसताना घेतली म्हणजे असं व्हायचंच.

९ जुलै, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

चष्म्याच्या दुकानातली मागची खोली ही माझी जागा. पुढे मॅडम डोळे तपासतात, मालक फ्रेमा दाखवतात, मी मागे लेन्स घासून बसवतो. आज एका गिऱ्हाइकाची डावी लेन्स उजवीकडे बसली. बाई दारापर्यंत गेल्या आणि दाराच्या शेजारच्या भिंतीतून बाहेर पडायला लागल्या. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, लक्ष कुठे असतं तुमचं. लक्ष कामातच होतं. लेन्स हातात सारख्याच दिसतात, त्यात माझा काय दोष. आणि हे चार कासवांतला फरक लांबूनही ओळखणाऱ्या माणसाला सांगायचं म्हणजे कमाल आहे.

१० जुलै

बसची तिकिटं काढली. दोन. मुलगी आणि मी. हिच्या बँकेत तपासणी चालू आहे, दोन दिवस रजा मिळणार नाही. सत्तावीसला सकाळी फक्त स्टँडपर्यंत येईल.

मुलगी स्वतः स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, की बाबाच येऊ दे सोबत. मग दोन सीटा शेजारी शेजारी मागून घेतल्यास का, असंही तिने मला दोनदा विचारलं. सकाळी दहाची बस, पोचायला संध्याकाळ. अख्खा दिवस.

डोळे भरून आले. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. ती सातवीत गेल्यापासून आम्ही दोघं इतका वेळ एका जागी बसलेलो नाही.

तर आता बेत असा. बस गावाबाहेर पडली, चहाला थांबून पुन्हा निघाली, की मी शांतपणे अल्बम काढणार. शेवटचं पान उघडणार. काही बोलणार नाही. तीच बघेल.

१३ जुलै

दाढीवाला तयार झाला! माझ्या राक्षसी खेकड्यांच्या अख्ख्या संचाच्या बदल्यात एक चंदेरी कासव. खेकड्यांवर पाणी सोडलं. मुलीपुढे खेकडे काय चीज आहेत.

संध्याकाळी मुलगी चष्मा घेऊन आली. नाकावरून घसरतो, जाण्याआधी जरा बघ म्हणाली. तेव्हा मी खेकडे पॅक करत होतो. उद्या करतो म्हटलं. दोन मिनिटांचं काम आहे, बसमध्येसुद्धा होईल.

१५ जुलै

आलं. हातात आहे. खालच्या कोपऱ्यात चंदेरी शिक्का, नखाएवढा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि थोडा नाचलो.

१५ जुलै, जरा वेळाने

एक विचार डोक्यात आला. खेकड्यांच्या बदल्यात चंदेरी कासव देणारा माणूस एकतर मूर्ख असला पाहिजे, नाहीतर लबाड. दाढीवाला मूर्ख नाही.

१६ जुलै

तपासणी सुरू केली. कार्डाच्या मागे टॉर्च धरला. प्रकाश आरपार आला नाही. चांगलं लक्षण. दुकानातल्या भिंगाखाली छपाईचे ठिपके बघितले. बरोबर. हलकेच वाकवलं, सरळ झालं. तेही बरोबर.

पण हल्लीची नकली कार्डं या सगळ्या परीक्षा पास होतात म्हणे. म्हणजे सगळ्या परीक्षा पास होणं हीच संशयाची गोष्ट.

हॉस्टेलच्या अर्जावर पालकाचा फोटो हवा होता. उद्या देतो म्हणालो. हिने स्वतःचा चिकटवला.

१७ जुलै, दुपारी, दुकानात

आमच्या धंद्यात काही लेन्सांवर कंपनीने खुणा छापलेल्या असतात. लेन्स फ्रेममध्ये नीट बसली की त्या अॅसिटोनने पुसून टाकायच्या. हे काम दिवसभर माझ्याकडे. खूण पुसावी तर माझ्या हातानेच, असं मालकसुद्धा म्हणतात. तर विचार केला, खरा शिक्का यंत्राने दाबून बसवलेला असतो. तो कशाने जाणार? जाईल तो नकली.

कापसाचा बोळा. एक थेंब. एकदाच फिरवला.

शिक्का गेला. पार गेला. कासव राहिलं.

नकली! मला पहिल्यापासून वाटत होतं. ग्रुपवर लगेच सविस्तर मेसेज टाकला. "भामटा" हा शब्द दोनदा वापरला. कासवाच्या आडून माणसं ओळखता येतात, असंही लिहिलं. वाक्य बरं जमलं.

१७ जुलै, संध्याकाळी

दाढीवाल्याचं उत्तर आलं. चिडला नाही, हे मला आवडलं नाही. त्याने एवढंच विचारलं, की तुमच्याजवळच्या सोनेरी शिक्क्यावर अॅसिटोन लावून बघितलंत का. तो तर टूथपेस्टच्या खोक्यातून तुम्ही स्वतः काढलेला आहे ना.

त्याचं तोंड बंद करायला उद्या ग्रुपवर व्हिडिओच टाकतो.

१८ जुलै

व्हिडिओ टाकला नाही.

सोनेरीही गेला. एका फटक्यात. बोळा पिवळा झाला.

ते कार्ड तिचं होतं. टूथपेस्ट संपल्याशिवाय नवी आणायची नाही असा हिचा नियम होता, म्हणून ती सात वर्षांची पोर दिवसातून चार वेळा दात घासायची. दाराशी उभी राहून मलाही घासायला लावायची. आम्हा दोघांच्या हिरड्या दुखायला लागल्या तेव्हा कुठे दुसऱ्या खोक्यात हे कासव निघालं.

अॅसिटोनच्या बाटलीवर कंपनीने स्पष्ट सूचना छापायला हवी.

१९ जुलै

अजूनही आशा आहे. अॅसिटोनने दोन्ही शिक्के जातात, म्हणजे त्या परीक्षेला अर्थच नाही. म्हणजे दाढीवाल्याचं कार्ड नकली असण्याची शक्यता शिल्लक आहे. तसं असेल तर माझं काहीच गेलं नाही. खेकडे सोडले तर.

पक्की परीक्षा एकच. खऱ्या कार्डाच्या पोटात, दोन कागदांच्या मधे, काळाकुट्ट थर असतो. तो बघायचा तर कार्ड फाडावं लागतं.

शिक्का गेलेलं कार्ड जपून तरी काय करायचं. फाडलं.

काळा थर.

खरं होतं. माझ्या हातात खरं होतं.

२० जुलै

दाढीवाल्याने ग्रुपमधून काढून टाकलं. मीच सोडणार होतो.

जेवण गेलं नाही. हिने विचारलं, पोरगी जाणार म्हणून का. मी हो म्हणालो. ही पाठीवरून हात फिरवत बसली. इतकी लाज मला लेन्स उलट बसवली तेव्हाही वाटली नव्हती. सांगून टाकावं असं मनात आलं. पण हात फार दिवसांनी फिरत होता.

२२ जुलै, सकाळी

हातावर हात धरून बसणाऱ्यांपैकी मी नाही. दुसरं चंदेरी कासव सापडलं. लांबच्या गावी एक रिटायर्ड ड्रायव्हर आहे, उद्घाटनाच्या दिवशी तो रांगेत होता. रांगेतला फोटोही पाठवला. त्याला चकाकणारं कासव हवं आहे. तेवढंच हवं, बाकी काही नको.

चकाकणारं माझ्याकडे आहे. दिलं. आज कुरियर केलं. ते हाती पडल्यावर तो त्याचं पाठवणार.

आता पानावर सोनेरीची जागा रिकामी आहे, चकाकणाऱ्याची रिकामी आहे आणि चंदेरीचीही. पण मूळ प्रश्न चंदेरीच्या खिशाचा होता. तो सुटतो आहे. बाकीचे दोन नवीन प्रश्न आहेत, ते वेगळे धरायचे.

२४ जुलै

ड्रायव्हरला माझं मिळालं. त्याने त्याचं टाकलं. शुक्रवारी पोचेल म्हणतो. निघायच्या आदला दिवस, म्हणजे एक दिवस हाताशी आहे. पहिल्यापासून माझ्या नियोजनात असा मोकळा दिवस ठेवलेला होताच.

सोनेरीसाठी एक युक्ती सुचली. साधं कासव दोन वेळा ठेवायचं. बसमध्ये उजेड कमी असतो.

२५ जुलै

मुलीची खोली ओळखू येत नाही. कपाट उघडं, गादीवर कपड्यांचे ढीग, भिंतीवर चिकटपट्टीचे डाग. दाराशी उभा राहिलो. लगेच फोन काढून पार्सल कुठवर आलं ते बघितलं. पार्सल निघाले आहे, असं लिहून येतं. कुठून ते लिहीत नाहीत.

जेवणानंतर तिने विचारलं, थोडा वेळ सोफ्यावर बसतोस का. मी बसलो होतोच, पण कुरियरवाल्यांचा फोन लागला म्हणून गॅलरीत गेलो. फोनवर बराच वेळ बासरी वाजली. परत आलो तर ती झोपायला गेली होती. हरकत नाही. परवा अख्खा दिवस शेजारीच बसायचं आहे.

२६ जुलै, शुक्रवार

दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन दुपारपासून दारात बसलो. मालक म्हणाले, हल्ली तुम्ही असलात काय आणि नसलात काय. परवानगीच समजलो.

कुरियर आलं नाही. संध्याकाळी फोन केला. तिकडची मुलगी फार गोड बोलली. उद्या सकाळी पहिलं पार्सल तुमचंच असेल, सर. आवाजावरून खरं बोलत होती.

शेजाऱ्यांना घ्यायला सांगावं असं ही म्हणाली. मुळीच नाही. मागचं पाकीट त्यांनी दोन दिवस चहाच्या कपाखाली ठेवलं होतं, अजून गोल डाग आहे.

बॅगांना कुलूप लावताना मुलगी म्हणाली, "बाबा, तू उद्या नक्की येतोयस ना?"

काय पण प्रश्न. माझी बॅग भरून केव्हाची तयार आहे. वरती अल्बम आहे.

२७ जुलै, साडेसात

दाढी केली. नवा शर्ट. कुरियर यायला वेळ आहे. बस दहाला. स्टँड टॅक्सीने वीस मिनिटांवर. सगळं हातात आहे.

सव्वाआठ

बेल वाजली. कचरेवाला. त्याला मी उगाचच ओरडलो. त्याने कचरा न नेता तोंड फिरवलं.

पावणेनऊ

ही म्हणते निघू या. मी म्हणालो तुम्ही दोघी सामान घेऊन व्हा पुढे, मी मागोमाग आलोच. मुलीने लाल बॅग जिन्यावरून स्वतःच उतरवली. एक चाक करकरत होतं, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.

खिडकीतून हात केला. तिने वर बघितलं नाही. चष्मा सावरत होती.

सव्वानऊ

ही शेवटची मुदत, असं मनाशी ठरवलं. साडेनऊला निघायचं. कासव येवो न येवो.

साडेनऊ

पार्सल तुमच्या विभागात आहे, असं फोनवर आलं. विभागात! म्हणजे कोपऱ्यावरच. आता निघणं म्हणजे मूर्खपणा. बसवाले दहा म्हणतात आणि सव्वादहाला हलतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे.

पावणेदहा

हिचा फोन. कुठे आहात. वाटेत, म्हणालो. एका अर्थी वाटेतच आहे, बूट घातलेले आहेत.

नऊ पंचावन्न

पुन्हा फोन. हिने बसच्या ड्रायव्हरला हात जोडून सांगितलं, तो पाच मिनिटं थांबतो म्हणाला. हिचा आवाज ओळखू येत नव्हता. मागे बसचं इंजिन चालू होतं. देवा, कुठे आहे हा कुरियरवाला.

दहा वाजून गेले

आलं! दारातच फाडलं. चंदेरी, अस्सल, एक ओरखडा नाही. पळतो.

२७ जुलै, दुपारी, स्टँडवर

बस वेळेवर सुटली. वर पाच मिनिटं थांबूनसुद्धा वेळेवर सुटली म्हणायची.

ही बाकावर बसली आहे. ओरडली नाही. ओरडली असती तर काहीतरी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं भरपूर होती. तिने एवढंच सांगितलं, की एका आजोबांनी ती सीट मागितली होती, त्यांची मागे गैरसोय होत होती. मुलीने दिली नाही. बाबा येतोय म्हणाली. बस हलेपर्यंत सीटवर हात ठेवून होती.

मुलीला फोन लावला. उचलला. सांगितलं की चंदेरी कासव मिळालं. तुझ्यासाठी. अल्बम पूर्ण झाला असंही म्हणालो. तो झालेला नाही.

मग ती म्हणाली, "मला कार्डांचं एवढं काही नव्हतं रे बाबा. तू शेजारी बसायचास म्हणून मी बसायचे."

मी चष्म्याचं विचारलं. घसरतो, पण सवय झाली म्हणाली. शेजारची सीट रिकामी आहे, पाय वर घेऊन आरामात बसलेय, काळजी करू नकोस. मग रेंज गेली. पुन्हा लावला, लागला नाही.

मी हिच्या शेजारी बाकावर बसलो. माझी बॅग मधे होती. ती उचलून मी पलीकडे ठेवली.

मग मी हिला विचारलं, तिकडे जाणारी पुढची बस किती वाजता आहे. ही म्हणाली, संध्याकाळी. मी म्हणालो, मी जातो. ही म्हणाली, जा की. पण तोवर ती पोचलेली असेल.